हिंगणा रोडच्या फायबर शेडमध्ये सर्फबोर्ड दुरुस्ती: सहा महिने वापरून झाल्यावर

माझी मुलगी सर्फर आहे. वय १७, घर नागपुरात, सराव महाबलीपुरमला. तिचा स्पर्धेचा बोर्ड मे महिन्यात मोडला आणि तो नागपुरातच, हिंगणा रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दुरुस्त झाला. आता नोव्हेंबर चालू आहे. बोर्ड सहा महिने रोज खाऱ्या पाण्यात आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही. नव्या कामाची स्तुती पहिल्या आठवड्यात कोणीही करतो.

शेडला पाटी नाही. शेड चालवणाऱ्या काकांनी नाव आणि नंबर टाकू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळे टाकत नाही. एमआयडीसीकडे जाताना डाव्या हाताला कूलरच्या फायबर टाक्या एकावर एक रचलेल्या दिसतात, तिथे आत वळायचं. टाक्या, दुकानांचे बोर्ड, शाळेच्या घसरगुंड्या आणि गणपतीत मखराची कामं, हे त्यांचं रोजचं. मी स्वतः २६ वर्षं एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी बांधणीवर काढली. पत्रा, रिव्हेट, वेल्डिंग यांतलं बरंवाईट मला बघून कळतं. फायबरचं तितकं कळत नव्हतं, ते या निमित्ताने कळलं.

आधी बोर्डाबद्दल, कारण ते कळल्याशिवाय या कामाची किंमत कळणार नाही. बोर्ड ५ फूट ८ इंचांचा, मागे तळाला तीन फिन, म्हणजे माशासारखे छोटे पर. आत थर्माकोलसारखा हलका फोम, वर काचेच्या धाग्याचं कापड आणि एपॉक्सी रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव. बोटाच्या टोकाने दाबला तरी भीती वाटावी इतकं त्याचं कवच पातळ असतं. एसटीच्या दारावर जेवढं लोखंड असतं त्याच्या पासंगालाही हा पुरत नाही, आणि यावर उभं राहून माझी पोरगी डोक्याएवढ्या लाटेवरून खाली उतरते.

पाच वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या घरात सर्फिंग हा शब्दही नव्हता. ती पोहायची, एवढंच. १२ वर्षांची असताना आम्ही तिरुपती, चेन्नई, महाबलीपुरम, रामेश्वरम असा नेहमीचा दौरा केला. महाबलीपुरमला किनाऱ्यावरच्या देवळाजवळ कोळ्यांची पोरं लाटांवर उभी राहत होती, त्यांत दोन मुली होत्या. ती दोन तास वाळूत बसून राहिली. देऊळ बघायला आलीच नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला तासाभराचा क्लास लावून दिला, आणि मग दर सुट्टीत तेच. गेल्या दोन वर्षांपासून ती आणि तिची आई तिथेच खोली घेऊन राहतात. बारावी ती एनआयओएस या मुक्त विद्यालयातून करते आहे. सकाळी सहा ते आठ स्वतःचा सराव, मग नऊपर्यंत नवशिक्यांना शिकवायचं, त्याचे पैसे येतात. ब्रँडवाले टी-शर्ट आणि बोर्डावर थोडी सूट देतात. भारतात या वयाच्या सर्फरचं उत्पन्न म्हणजे साधारण एवढंच. बक्षिसाची रक्कम आली तर ती प्रवासात जाते.

स्पर्धेत गुण कसे देतात हेही सांगतो, कारण वजनाचा प्रश्न तिथे येतो. पाच पंच असतात. प्रत्येक लाटेला दहापैकी गुण. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी गुण काढून टाकतात आणि उरलेल्या तिघांची सरासरी धरतात. तुमच्या सगळ्या लाटांपैकी चांगल्या दोनच मोजल्या जातात, म्हणजे एकूण वीसपैकी. वीस-पंचवीस मिनिटांच्या फेरीत समुद्राने चार लाटा दिल्या तर दिल्या. हार-जीत दशांशात होते. वळण घेताना बोर्ड जड होऊन पाव सेकंद उशिरा फिरला की पंचाच्या कागदावर तो उशीर उतरतो.

तर मे महिन्यात माझ्या पुतणीच्या लग्नासाठी मायलेकी घरी आल्या. गाडीचं तिकीट वेटिंगवर, म्हणून बोर्ड एका ट्रान्सपोर्टने पाठवला होता. बॅग उघडली तर शेपटीच्या उजव्या कडेला वीतभर लांब चीर, कापड सुटलेलं, आणि एका फिनच्या खोबणीपर्यंत तडा गेलेला. वरून नागपूरच्या उन्हात, पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावतात ते मेण पातळ होऊन बॅगभर पसरलेलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्पर्धा होती. तसा दुसरा बोर्ड आहे तिच्याकडे, पण तो जुना, जाड, सरावाचा. स्पर्धेच्या बोर्डावर पाय कुठे ठेवायचा हे तिच्या तळव्याला पाठ झालेलं असतं. नवा घ्यायचा तर पन्नास हजारांच्या पुढे, आणि तो हातात येईपर्यंत स्पर्धा होऊन गेली असती.

आम्ही आधी एका कार डेंटिंगवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, आठशे रुपये, संध्याकाळी घेऊन जा. बोर्ड तिथे ठेवणारच होतो. पण मुलगी अडून बसली. तिने एकच विचारलं, "कोणतं रेझिन वापरणार?" त्याला राग आला. आम्ही निघालो. मग मला जुन्या कार्यशाळेतल्या एका मित्राने हिंगणा रोडच्या काकांकडे पाठवलं.

काकांनी बोर्ड हातात घेतला, उलटा केला आणि पहिला प्रश्न विचारला: "याच्या पोटात काय आहे थे सांगा अगोदर."

आम्हाला नक्की माहीत नव्हतं. दुकानदाराने घेताना सांगितलं होतं, पण ऐन वेळी तिघांनाही आठवेना. काकांनी फाटलेल्या जागेतून मुगाच्या दाण्याएवढा फोम कोरून काढला. बाटलीच्या झाकणात असिटोन ओतलं आणि तो दाणा त्यात टाकला. दाणा फसफसला आणि विरघळून गेला. "थर्माकोलच आहे," काका म्हणाले. "माझ्या डब्यातलं रेझिन लावलं असतं तर आतून असाच खाऊन टाकला असता."

यामागचं कारण त्यांनी समजावून सांगितलं. टाक्या आणि घसरगुंड्यांसाठी वापरतात ते पॉलिस्टर रेझिन. त्यात स्टायरीन असतं, आणि स्टायरीन थर्माकोलच्या फोमला विरघळवतं. काही बोर्ड पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचे असतात, त्यांना पॉलिस्टर चालतं. थर्माकोलच्या बोर्डाला मात्र एपॉक्सीच पाहिजे. म्हणजे आठशे रुपयांत आम्ही वरून गुळगुळीत आणि आतून पोकळ बोर्ड घेऊन आलो असतो. काकांनी त्याआधी आयुष्यात सर्फबोर्ड पाहिला नव्हता, हे विशेष. त्यांनी वस्तूला आधी विचारलं, मग हात लावला. आमच्या कार्यशाळेत ज्यांना मी खरे कारागीर मानायचो ते असेच होते.

दुसरी गोष्ट त्यांना नखाने कळली. शेपटीवर जिथे मागचा पाय ठेवतात तिथे रबराची पट्टी चिकटवलेली असते. तिच्या कडेला त्यांनी नखाने टोचलं आणि म्हणाले, "ही चीर ट्रान्सपोर्टची नाही. जुनी आहे. याने पाणी पिलं आहे."

पट्टी उचलली तर खाली केसाएवढा बारीक तडा, आणि बोटाला ओल लागली. किती दिवसांपासून होता देव जाणे. मुलगी काही बोलली नाही. एप्रिलभर ती फोनवर म्हणत होती, बाबा, बोर्ड उठत नाहीये, लाट निघून जातेय. आणि मी इथून सांगत होतो की सराव कमी पडतोय, सकाळी अर्धा तास लवकर जा. ती खरंच अर्धा तास लवकर जात होती, पाणी प्यायलेला बोर्ड घेऊन. त्या दिवशी शेडमध्ये मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा, आता कळलं ना." पण माझ्या मनातून ते गेलेलं नाही.

पुढचे चार दिवस फक्त वाळवण्याचे. बोर्ड शेपटी खाली करून शेडमागच्या बंद खोलीत पंख्याखाली उभा ठेवला. मी म्हटलं आमच्याकडे कूलर आहे, त्यासमोर ठेवू. काकांनी लगेच थांबवलं; कूलरची हवा ओली, तिने उलट पाणी धरलं असतं. उन्हातही ठेवू दिला नाही, कारण आतली हवा तापून फुगते आणि चांगलं असलेलं कापडही सुटतं. लागतो तो फक्त कोरडा वारा, आणि मे महिन्यात नागपुरात त्याची काय कमतरता? किनाऱ्यावर हाच बोर्ड वाळवायचा म्हणजे दमट हवेशी भांडण असतं. आम्ही रोज संध्याकाळी तो शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवायचो. पहिल्या दिवशी २ किलो ९४० ग्रॅम. मग २ किलो ८००. मग २ किलो ६८०. चौथ्या दिवशी २ किलो ६५०, आणि पाचव्या सकाळी तेवढंच. वजन उतरायचं थांबलं तेव्हाच काकांनी पॉलिश पेपर हातात घेतला. जवळपास ३०० ग्रॅम पाणी! अडीच-पावणेतीन किलोच्या वस्तूत, आणि तेही सगळं शेपटीत, जिथून बोर्ड वळतो.

जोडणीचं काम त्यांनी पहाटे साडेपाचला केलं. दुपारच्या उन्हात एपॉक्सी कपातच तापून घट्ट होतं, ब्रश फिरवायला वेळ मिळत नाही. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा त्यांच्याकडे आहे. त्यावर रेझिन आणि हार्डनर मोजून, एका वेळी पन्नास ग्रॅमच्या आतच कालवलं. शेवटी कपात उरलेलं रेझिन त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवून आम्हाला दाखवलं. दहा-बारा मिनिटांत कप हात लावू नये इतका तापला. "हे एवढं तुमच्या फोमवर ओतलं असतं तर?" एवढंच म्हणाले.

आधी त्यांनी सुटलेलं सगळं कापड कापून टाकलं, निम्मं चिकटलेलंही. मग कडा उतरत्या घासल्या, जेणेकरून नवं कापड जुन्यावर पायरी न करता बसेल. मेणाचा अंश जाईपर्यंत तीन वेळा पुसलं. मेणावर रेझिन पकडत नाही. खड्ड्यात हलका फिलर भरला. त्यावर कापडाचे दोन थर, वरचा खालच्यापेक्षा बोटभर मोठा. टाक्यांना लावतात ती जाड मॅट त्यांनी मुलीच्या सांगण्यावरून टाळली. ती वजनदार असते आणि रेझिन फार पिते. पातळ विणीचं कापड त्यांनी इतवारीतून मागवलं, त्यात दीड दिवस गेला. चोवीस तासांनी पाण्याच्या पॉलिश पेपरने घासणं: आधी २२० नंबरचा, मग त्याहून बारीक ४०० आणि ६००. कडेची गोलाई जुळवायला त्यांनी चांगल्या बाजूचा पुठ्ठ्यावर साचा काढला आणि तो उलटा करून दुरुस्त बाजूला लावून बघत राहिले. ही त्यांची स्वतःची युक्ती. मुलगी तोवर मांडी घालून समोर बसली होती आणि दर दहा मिनिटांनी डोळे मिटून दोन्ही कडांवरून तळवे फिरवून "इथे अजून थोडं" म्हणत होती. त्यांनी एकदाही तिला, पोरी तू गप बस, असं म्हटलं नाही.

शेवटचं वजन २ किलो ७६० ग्रॅम. कोरड्या वजनावर ११० ग्रॅम वाढले. ती म्हणाली, चालेल.

पाण्यात तपासल्याशिवाय काका बोर्ड द्यायला तयार नव्हते. ती जिथे पोहायची त्या तलावाच्या सरांनी सकाळची रिकामी वेळ दिली. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघतो तसं काकांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पायरीवर उभं राहून शेपटी पाण्याखाली दाबून धरली, दोन-दोन मिनिटं, चारी बाजूंनी. एकही बुडबुडा आला नाही.

आता उणिवाही सांगतो, कारण दुसरा कोणी जाईल तर त्याला माहीत असाव्यात. पाच दिवस सांगितले होते, नऊ लागले. वाळवण्याचे चार धरलेच नव्हते. पुढे आणखी लांबलं असतं तर आमची गाडी चुकली असती. डाग झाकलेला नाही. मूळ पांढऱ्यावर हस्तिदंती रंगाचा पट्टा दिसतो आणि सहा महिन्यांत तो जरा पिवळा पडला आहे. फिनचा बारीक स्क्रू बसतो त्या भोकात रेझिन उतरलं होतं. ते घरी आल्यावर लक्षात आलं आणि मुलीने सुई तापवून तासभर कोरत बसून मोकळं केलं. स्पर्धेच्या सकाळी लक्षात आलं असतं तर काय, म्हणून कोणीही बोर्ड घेताना फिन शेडमध्येच लावून बघा. घासताना काका तोंडाला फक्त रुमाल बांधतात. काचेची ती धूळ छातीत जाते. मी त्यांना चांगला मास्क नेऊन दिला आहे, वापरतात की नाही बघायला अधूनमधून जातो. आणि पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या पानावर हिशेब मिळतो.

एकूण ३,२०० रुपये झाले. त्यात १,४०० रेझिन आणि कापडाचे, बाकी मजुरी. नऊ दिवसांच्या लक्ष देऊन केलेल्या कामाला ही मजुरी मला कमीच वाटली. मी ५०० जास्त देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

जूनमध्ये ती त्याच बोर्डावर उतरली. उपांत्य फेरीत ०.४३ने मागे राहिली. फोनवर तिचं पहिलं वाक्य: "बाबा, बोर्ड उठला." हरल्याचं नंतर सांगितलं.

नातेवाईक मला विचारतात, नागपूरच्या पोरीने समुद्रात कशाला करिअर करावं, तिथली मुलं जन्मापासून पाण्यात असतात. खोटं नाही ते. पण सर्फिंगमधले सगळे किनाऱ्यावर जन्मलेले नाहीत. सेबास्टियन श्टॉइटनर जर्मनीतल्या न्युरेंबर्गचा, समुद्रापासून लांबचा; सोळाव्या वर्षी हवाईला गेला आणि २०२० मध्ये पोर्तुगालच्या नाझारेला २६.२१ मीटरच्या लाटेवरून उतरून त्याने विश्वविक्रम केला. अमेरिकन सर्फर केली स्लेटरने कृत्रिम लाटांचा तलाव बांधला तो कॅलिफोर्नियात लेमूरला, शेतीच्या मुलखात. आपल्याकडचंच बघायचं तर ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमलाच आशियाई अजिंक्यपद झालं आणि त्यात रमेश बुदिहाळने कांस्य मिळवलं. या स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. माझी मुलगी त्या दिवशी किनाऱ्यावर गर्दीत होती. तिने फोन वर धरला आणि मला नुसता आरडाओरडा ऐकवला. २०२६ च्या नागोयाच्या आशियाई खेळांत सर्फिंग पहिल्यांदाच येतंय. ती त्यात नसेल, तिची तयारी अजून तेवढी नाही हे तिला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. तिच्या खोलीत अमेरिकन सर्फर केटी सिमर्सचा फोटो आहे. सोळाव्या वर्षी जागतिक टूरवर जागा मिळाली असताना केटी त्या वर्षी गेली नाही, आणि २०२४ मध्ये अठराव्या वर्षी जगज्जेती झाली. बारावी होईपर्यंत थांबू, असं आमच्यात ठरलं तेव्हा मुलीनेच तिचं उदाहरण दिलं होतं.

दिवाळीत ती आली तेव्हा मी बोर्ड मांडीवर घेऊन भिंगाने जोड तपासला. कुठे केसाएवढाही तडा नाही, कापड सुटलेलं नाही, वजन २ किलो ७६० वरून १० ग्रॅमही हललेलं नाही. फिनच्या खोबणीभोवती मी जोर लावून पाहिला, ती हलत नाही. आम्ही बोर्ड काकांना दाखवायला नेला. त्यांनी त्या पिवळ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि तिला विचारलं, खारं पाणी लागून रेझिन पांढरं पडतं का, कारण मच्छीमारांच्या होड्यांची कामं आपल्याकडे येत नाहीत, शिकायला मिळत नाही. तिने महाबलीपुरमच्या होड्यांचे फोटो दाखवले. दोघं अर्धा तास त्यावर बोलत बसले.

जाणाऱ्यांसाठी: दुपारी बारा ते चार शेड बंद असते. सकाळी सात-साडेसातला जा. बोर्डावरचं मेण घरी खरवडून न्या, नाहीतर अर्धा दिवस त्यात जातो. कयाक किंवा फायबरची बोट असेल तरी ते बघतात. घाई असेल तर नेऊ नका.

तिचा सरावाचा जुना बोर्ड आता माझ्याकडे आहे, नाकाला चीर पडलेली. शनिवारी नेतोय. तो पीयूचा आहे, घेतला तेव्हाची पावती शोधून काढून सोबत ठेवली आहे.